चौथऱ्यावरचं विमान, ट्रंकेतली वही

मिग-२१ विमानं २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये हवाई दलातून निवृत्त झाली आणि थोड्याच दिवसांत आमच्या तालुक्याच्या गावी नवी मागणी पुढे आली: एसटी स्टँडसमोरच्या चौकात एक निवृत्त मिग आणून उभं करायचं. निमित्त तयारच होतं. पंचक्रोशीतल्या एका वाडीतला मुलगा दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिक होता, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला होता, हे इथे सगळ्यांना ऐकून माहीत आहे. त्याचं स्मारक म्हणून विमान. बैठकीला मी मागच्या बाकावर होतो. दोन तट पडले. एकाचं म्हणणं, वीराचं स्मारक झालंच पाहिजे, जो नको म्हणेल त्याच्या देशभक्तीतच खोट. दुसऱ्याचं म्हणणं, तो इंग्रजांचा चाकर, त्याचं कौतुक कसलं. तेवढ्या पैशांत ग्रामीण रुग्णालयाला काही घ्या. दोन तास भांडण चाललं, चहा दोनदा झाला. तेवढ्या वेळात एकाही माणसाने विचारलं नाही की हा गृहस्थ उडवत काय होता. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपले वैमानिक हरिकेन उडवत होते, नाकावर पंखा फिरणारं विमान. मिग-२१ भारतात आलं १९६३ साली. म्हणजे ज्याचं स्मारक, त्याने त्या जातीचं विमान कधी चालवलंच नव्हतं. उद्या गावातल्या नाखव्याचा पुतळा उभारायचा आणि त्याच्या हातात रिक्षाचं हँडल द्यायचं, त्यातला हा प्रकार.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. त्या वैमानिकाची आठवण गावाने ठेवली पाहिजे. पण आठवण ठेवणं म्हणजे त्याच्या सेवेचा इतिहास शोधून काढणं: भरती कधी झाला, कुठे शिकला, कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होता, कुठल्या दिवशी किती वेळ आणि कशासाठी उडाला, सेवेतून बाहेर कधी आला. हे हाती लागेपर्यंत चौकात काही उभारू नये, आणि हाती लागल्यावर सोयीचं-गैरसोयीचं सगळं लिहावं. विमान जरूर आणा, पोरं त्याच्याभोवती खेळतील, पर्यटक फोटो काढतील. त्याला स्मारक मात्र म्हणू नका.

नाव हरवून दगड राखण्याची खोड कोकणाला जुनीच आहे. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, शिलाहार काळातले मानले जातात. त्यांवर समुद्रातली लढाई कोरली आहे: वल्ह्यांच्या रांगा लावलेली जहाजं, त्यांवरचे सैनिक, पाण्यात पडलेले देह, वरच्या पट्ट्यांत स्वर्गाला गेलेला वीर. कोरणाऱ्याने एकेक वल्हं मोजून काढावं तसं काढलं आहे. पण आज वाचता येईल असं एकही नाव त्यांवर राहिलेलं नाही, आणि लढाई नेमकी कुठली यावर अभ्यासक अजून तर्कच लढवतात. गावोगावच्या देवळांच्या आवारात पडलेल्या साध्या वीरगळांचं तर विचारूच नका. एखाद्याला शेंदूर लागतो, मग नारळ फुटतो, आणि मेलेला माणूस कुणाचा तरी राखणदार होऊन बसतो. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या, त्याही याच वळणाच्या: या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. आकडा आहे, माणूस नाही. त्याच इंग्रजांनी आपल्या घरच्या वैमानिकांचं काय केलं? १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात, ठरलेल्या स्क्वाड्रनमधून, निदान एक मोहिमेचं उड्डाण केलेलं असेल त्यालाच 'बॅटल ऑफ ब्रिटन'चा, म्हणजे जर्मन विमानांपासून इंग्लंड राखणाऱ्या लढाईचा, वैमानिक म्हणायचं असा दंडक घातला, आणि मग एकेका दिवसाच्या नोंदी ताडून पाहत सुमारे २,९०० नावांची यादी पक्की केली. ती नावं आज लंडनला थेम्सच्या काठी कोरलेली आहेत. मालकाने स्वतःची माणसं नावाने मोजली आणि आपली डोकी मोजली. आता स्वराज्यात आपणही डोकीच मोजणार का?

'इंग्रजांचा चाकर' हा आक्षेप मात्र शिवीसारखा वापरला जातो म्हणून झटकून टाकता येत नाही. त्यात तथ्य आहे, आणि थोडंथोडकं नाही. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला चार वापिटी विमानांवर उभी राहिली, आणि तिला लढाईचं पहिलं काम मिळालं ते वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानच्या टोळ्यांविरुद्ध. स्वतःच्या डोंगरात राहणाऱ्या पठाणांवर आपल्याच माणसांकरवी बाँब. १९४२ च्या ऑगस्टात बिहारमध्ये जमावांवर विमानांतून मशीनगन चालवल्या गेल्या. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं अन्नावाचून रस्त्यावर मरत होती आणि त्याच प्रांतातल्या धावपट्ट्यांवरून ब्रह्मदेशची मोहीम चालू होती. १९४४ मध्ये इंफाळच्या समोरच्या बाजूला जपान्यांबरोबर आझाद हिंद सेना होती. हे सगळं मला मान्य आहे. पण यातून निघतं काय? माणूस विसरा, असं? सरहद्दीवर बाँब कुणी, कधी, किती टाकले हे आज कळतं ते त्याच हवाई दलांच्या रोजच्या नोंदींतून. चाकरांची नावं पुसली की चाकरीचा हिशेबही पुसला जातो, आणि धनी आयताच सुटतो.

शिवाय कोकणात तरी हा शब्द जरा जपून वापरावा. इथल्या तांबड्या मातीने पोट कुणाचं भरलं? जमीन तुटपुंजी, वरकस, पावसाळा संपला की माणूस बाहेर. पूर्वी आंग्र्यांच्या गलबतांवर, मग इंग्रजांच्या पलटणीत, मग मुंबईच्या गिरणीत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ पलटणीत सुभेदार होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबुवा वलंगकर पलटणीतून निवृत्त झाले आणि नंतर अस्पृश्यांच्या हक्कांसाठी लिहू लागले. चाकरीतूनच शिकलेला माणूस उद्या धन्याला आणि गावालाही प्रश्न विचारतो, हे कोकणाइतकं कुणाला ठाऊक असावं? माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, राजाच्याच चाकरीत, राजाचंच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून. माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि त्याला हार घालताना कुणाचा हात थबकत नाही. मग वाडीतल्या वैमानिकापाशी आल्यावरच तत्त्व का आठवतं? तोच गणवेश घातलेल्या विमानदलाच्या लोकांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून मुंबईत काम बंद पाडलं होतं. तोच गणवेश घालून १९४० मध्ये रुजू झालेले हृषिकेश मुळगावकर १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. एका माणसाच्या सेवेच्या कागदांत हे दोन्ही धनी एकामागोमाग येतात. त्यातलं एकच पान फाडून घोषणा करणं दोन्ही तटांना सोपं जातं.

खरा अवघड आक्षेप बैठकीत कुणी घेतलाच नाही. तो मला बैठकीनंतर ऐकायला मिळाला, त्या वैमानिकाच्या पुतण्याकडून. नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. काका १९४६ ला हवाई दल सोडून आले, मुंबईत नोकरीला लागले, गणपतीला घरी येत, भजनात झांज वाजवत, आणि युद्धाबद्दल चकार शब्द काढत नसत. त्यांची ट्रंक माळ्यावर आहे आणि तीत वही आहे, वैमानिकाचं लॉगबुक. नानांनी ती एकदा वाचून पाहिली होती. गावात कथा अशी, की काकांनी सहा जपानी विमानं पाडली. नाना म्हणाले, "वहीत एकही नाही हो. बैठकीत कशाला दाखवू? सहाची शून्य करून तुम्हांला काय मिळणार?"

याला माझ्यापाशी तडकाफडकी उत्तर नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून आयुष्यभराची गोष्ट काढून घेणं हा काही सत्कार्याचा प्रकार नव्हे. पण नंतर विचार करताना लक्षात आलं, की शून्य हा शब्द नानांचा, वहीचा नव्हे. भारतीय स्क्वाड्रनांचं त्या आघाडीवरचं काम बहुतांशी टेहळणीचं आणि जमिनीवरच्या फौजेला मदत करण्याचं होतं. हवेत शत्रूचं विमान पाडल्याची पक्की धरली गेलेली नोंद एकच आहे: १५ फेब्रुवारी १९४४ ला आराकानात सहाव्या स्क्वाड्रनच्या जे. सी. वर्मांनी पाडलेलं जपानी 'ऑस्कर'. संबंध भारतीय हवाई दलाच्या नावावर जिथे एक, तिथे आमच्या वाडीच्या नावावर सहा! आणि यात लाजण्यासारखं काही नाही. प्रत्यक्ष लंडनवर १५ सप्टेंबर १९४० ला जी लढाई झाली, त्या दिवशी १८५ जर्मन विमानं पाडली असं जाहीर झालं होतं. युद्धानंतर जर्मन कागद पाहिले तर ती साठाच्या आसपास भरली. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. एकाच पडत्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या की खाली उतरून तिघेही प्रामाणिकपणे 'मी पाडलं' म्हणतात. म्हणून तर कागद ताडायचे.

आणि कागद ताडल्यावर जे हाती लागतं ते सहा विमानांपेक्षा कमी आहे का? टेहळणीची हरिकेनं जोडीने निघत. पुढचा वैमानिक जंगलाच्या छतावरून, झाडांच्या शेंड्यांलगत, पायवाटा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, नदीतले पडाव बघत जाई, फोटो घेई. मागचा त्याच्या पाठीशी नागमोडी उडत राहून आभाळ राखी. त्याला 'वीव्हर' म्हणत, विणकर. जमिनीवरून कुणीही रायफलीने टिपावं इतक्या खालून हे चाले. परत येऊन त्यांनी जे सांगितलं त्यावर खालच्या पलटणी पुढे सरकायच्या की थांबायच्या हे ठरे, आणि त्या पलटणींत मराठा लाइट इन्फंट्रीची आपली माणसंही होती. 'विमान पाडलं' हे सांगायला सोपं. 'पुलाखाली ट्रक लपवलेत हे मी पाहिलं' हे गणपतीच्या भजनात कुणाला सांगणार? काका गप्प राहिले त्याचं एक कारण हेही असेल. गावाने त्या गप्पपणात सहा विमानं भरली, आणि काकांनी खरोखर केलेल्या कामाला त्या कथेत जागाच उरली नाही.

शोधाने माणूस लहानच होतो असंही नाही. ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावरच्या हल्ल्यातून स्क्वाड्रन लीडर देवय्या परतले नाहीत. मिस्टेअर विमान, एकटे, मागे राहिलेले. बेपत्ता, एवढीच नोंद. पुढे १९७९ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने लिहिलेल्या एका परदेशी पुस्तकातून कळलं, की त्या दिवशी पाकिस्तानचं एक एफ-१०४ स्टारफायटर, आवाजाच्या दुप्पट वेगाचं, एका मिस्टेअरनेच पाडलं होतं. मग इकडच्या नोंदी, तिकडच्या नोंदी, त्या सकाळी कोण कुठे होतं याचा मेळ घालत माजी सहकाऱ्यांनी प्रकरण लावून धरलं आणि १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. शत्रूच्या वहीतलं वाक्य आपल्या वहीशेजारी ठेवणारं कुणी नसतं, तर ते आजही नुसते बेपत्ताच राहिले असते. तेवीस वर्षांत त्यांच्या नावाने कितीही चौथरे बांधले असते, तरी हे कळलं नसतं.

हे काम दिल्लीचं आहे, आपण खेड्यातले लोक काय करणार, असं म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. दिल्लीला जे कधीच जमणार नाही ते इथेच होऊ शकतं, आणि ते म्हणजे नाव ओळखणं. पहिल्या महायुद्धात जे चार भारतीय वैमानिक लढले त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. २७ जून १९१८ ला त्यांचं डॉल्फिन विमान फ्रान्समध्ये पडलं, तीन दिवसांनी जर्मनांच्या ताब्यात त्यांचा मृत्यू झाला. जर्मनांनी दफन नीट केलं, वर क्रॉस लावला, पण नाव घातलं 'वुमकर'. युद्ध संपल्यावर वेलिणकरांचा शोध घेणाऱ्यांना अशा नावाच्या कबरीवर येऊन थांबावं लागलं, आणि ओळख पटवायला वेळ गेला. ते आज सोम भागातल्या हँगार्डच्या दफनभूमीत स्वतःच्या नावाने आहेत. १९७१ मध्ये ५ डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं सुखोई पाकिस्तानात पडलं. पकडलेल्या वैमानिकांच्या बातमीत पाकिस्तानी वृत्तपत्राने छापलं 'टॉम्बे'. तेच आपले, असं धरून त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे, पुढची कित्येक दशकं झगडल्या. पाकिस्तान असे कैदी आपल्याकडे असल्याचं नाकारत आला, आणि बेपत्ता चोपन्न भारतीय सैनिकांच्या यादीत ते नाव तसंच आहे. एका स्वराच्या फरकावर एका बाईचं आयुष्य टांगून राहतं.

आणि आपल्या आडनावांची तर आणखीच गंमत. वाडीत माणूस घाडी, शाळेच्या दाखल्यावर गावकर, मुंबईला गेल्यावर गावाच्या नावाचा कर, आणि गोऱ्या कारकुनाच्या इंग्रजीत आणखी काहीतरी. सातबारावर चौथंच. ही चार नावं एकाच माणसाची, हे दिल्लीतल्या कुठल्या अधिकाऱ्याला कळणार? ते कळतं पोलीसपाटलाला, शाळेच्या जुन्या रजिस्टरला, आणि दुपारी ओटीवर बसलेल्या आजीला. याच कोकणात घराण्यांचे कुलवृत्तान्त झाले. माणसांनी पोस्टकार्डं लिहून, छापील फॉर्म पाठवून, काशीपासून कराचीपर्यंत पसरलेल्या शाखा जुळवल्या. त्यात बाकी सगळं भरभरून असतं आणि एखाद्या नावापुढे अर्धी ओळ येते: 'हे लष्करात होते.' पुढच्या ओळीला दुसरा भाऊ, वकील. त्या अर्ध्या ओळीत काय होतं ते कुणी विचारलं नाही.

वैमानिकच का, हा प्रश्न बैठकीत एका तरुण मुलाने विचारला आणि त्याला बसवण्यात आलं. बसवायला नको होतं. कोकणातून वैमानिक गेले असतील मोजके. खलाशी गेले हजारोंनी. बॉयलरपाशी कोळसा ओढणारे, तांडेल, सारंग, जहाज पाणतीराने फुटलं की सर्वांत खाली असलेले. मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांचं स्मारक आहे, तिथे हजारो नावं आहेत, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईला जाणाऱ्या किती जणांनी ते पाहिलंय? हरिकेन उडायचं ते रात्रभर टॉर्चच्या उजेडात इंजिन उघडून बसणाऱ्या फिटरच्या भरवशावर, त्याचं नाव तर कथेतही नाही. त्या मुलाचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. फक्त त्याने काढलेला निष्कर्ष, की म्हणून वैमानिकही नको, तो मान्य नाही. वैमानिकाची वही जाड आहे. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा क्रमांक, काम, तास, महिन्याअखेर बेरीज आणि वरिष्ठाची सही. शोध कसा घ्यायचा हे त्या जाड वहीवर शिकता येतं. तीच चिकाटी मग खलाशाच्या एका ओळीवर लावायची. सेलर्स होममधली यादी उतरवून आणून खाडीकाठच्या मोहल्ल्यांत वाचून दाखवली तर किती घरांत माणसं उठून बसतील, याचा अंदाज करून पाहावा.

राहिलं रुग्णालय. ते व्हायलाच हवं, आणि चौथऱ्याचे पैसे तिकडे वळवले तर मी आनंदाने हात वर करीन. कागद शोधायला पैसे फारसे लागत नाहीत. ब्रिटिश काळातल्या स्क्वाड्रनांच्या रोजच्या नोंदींचे गठ्ठे लंडनजवळ क्यूच्या अभिलेखागारात लोकांना खुले आहेत. आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण केलं, की युद्धाचे कागद साधारणपणे पंचवीस वर्षांनी खुले व्हावेत. धोरण कागदावर आणि कागद कपाटात, हे खरंच. पण मागणाराच नसेल तर कपाट कोण उघडणार? आमच्या तालुक्यातून असा एक अर्ज गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. विमान मागण्याचा ठराव मात्र एका बैठकीत तयार झाला.

गेल्या आठवड्यात नानांनी निरोप पाठवला म्हणून गेलो. ऊन चांगलं पडलं होतं. ट्रंक खाली काढली होती आणि वही खळ्यात चटईवर उघडून ठेवली होती, पानं उडू नयेत म्हणून वर चार नारळ. कडेने वाळवीने खाल्लं आहे, पण मधलं शाबूत. नानांची नात मोबाईलवर एकेक पानाचा फोटो काढत होती आणि मोठ्याने वाचत होती: तारीख, विमान, टेहळणी, एक तास चाळीस मिनिटं. टेहळणी, दीड तास. एप्रिल १९४४ च्या पानाखाली काकांनी पेन्सिलीने बेरीज केली होती आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याने ती शाईने खोडून दुरुस्त केली होती. अर्धा तास कमी. नाना वाकून बराच वेळ ते बघत राहिले. "हिशेबात कच्चाच होता काका," ते म्हणाले, आणि नारळ उचलून पुढचं पान उलटलं.